लाकडाला निमताना नाही

दर तालुक्याच्या गावात मोजणारा एक माणूस असतो. तो शिंपी नसतो, सुतार नसतो, काट्यावर बसणारा वाणीही नसतो. तरी त्याच्या खिशात टेप असतो. लग्नाला गेला की तो आधी मांडवाच्या खांबांमधलं अंतर बघतो आणि मग नवरानवरीकडं. भाजी कशी झालीय विचारलं तर चांगली-वाईट म्हणत नाही. मीठ पाव चमचा जास्त पडलंय, एवढंच सांगतो. परंड्यात हा माणूस माझ्या थोरल्या बहिणीच्या, म्हणजे अक्काच्या, वाट्याला आला. म्हणून मी त्यांना दाजी म्हणतो.

दाजी भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक होते. आता निवृत्त. उभी हयात लोकांच्या बांधावर गेली. बांधाच्या अलीकडं एक भाऊ, पलीकडं दुसरा, दोघांच्या मागं आपापली भावकी, कुणाच्या हातात काठी तर कुणाच्या खुरपं, आणि मधे खाली मान घालून आकडा सांगणारे दाजी. त्या धंद्याचा एक नियम आहे. मोजणीवाला हद्दीची खूण दाखवतो, दगड ज्याचा त्यानं रोवायचा. हा नियम दाजींच्या हाडात मुरलाय. घरात बल्ब गेला तर कुठला गेला, किती वॅटचा होता, किती दिवस चालला, हे सगळं दाजी सांगतात. खुर्चीवर अक्का चढते.

गोष्ट आहे मांजरीच्या वाटेची. त्यासाठी आधी घर सांगायला हवं.

दाजींचं घर म्हणजे जुना वाडा. मातीत बांधलेल्या दगडी भिंती, वर माळवद. तुळया, त्यावर किलचणी आणि त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर. आमच्या भागात उन्हाळ्यात असलं घर थंडगार. पण ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला. लातूरकडं आणि आमच्या जिल्ह्याच्या उमरग्याकडं माणसं मेली ती जास्त करून असल्याच दगडमातीच्या घरांखाली. परंडा जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, तरी त्यानंतर माळवदाखाली पाठ टेकणारा माणूस आधी वर बघायला लागला. दाजींनीही बघितलं, मोजलं, पुन्हा मोजलं, आणि बऱ्याच वर्षांनी पोरांनी हट्ट धरला तेव्हा माळवद उतरवून स्लॅब टाकली. जुनं म्हणून राहिली ती पुढची ढेलज आणि तिचा सागवानी दरवाजा. दोन फळ्यांचा, दीड इंच जाडीचा, वर लोखंडी फुल्या ठोकलेला. आजोबांच्या वेळचा. त्याला दाजी कुणाला खिळा मारू देत नाहीत.

माळवदाला मधोमध एक सानं असायचं. त्यातनं उजेड आत यायचा, चुलीचा धूर बाहेर जायचा, आणि रात्री ठकी आत-बाहेर करायची. ठकी म्हणजे मांजर. माळवदावरनं सान्यात, सान्यातनं बळदावर, बळदावरनं फडताळावर, तिथनं खाली. स्लॅबला सानं नसतं. खिडक्यांना डासांची जाळी आली. ठकीची वाट एका दिवसात बंद झाली.

मग ती पहाटे तीनला ढेलजेच्या दारात येऊन बोंबलायला लागली. उठायचं अक्कानं. दाजींचीही झोप मोडायची. ते पडल्या पडल्या वेळ सांगायचे. ‘तीन वाजून दहा मिनटं. काल तीन वाजून चार.’

ठकीला काढून टाकावं म्हणाल तर ज्वारी, तूर, हरभरा घरात, आणि उंदरांना स्लॅबचं काही वाईट वाटलेलं नाही. ठकी लाडाची नाही, ती नोकरीला आहे. ही पद्धत जुनीच. इंग्लंडात एक्झिटरच्या कॅथेड्रलमध्ये घड्याळाखालच्या लाकडी दाराला मांजरासाठी पाडलेलं गोल भोक आजही आहे. तिथल्या जमाखर्चात १३०५ ते १४६७ या काळात मांजराच्या नावानं तिमाही तेरा पेन्स खर्ची पडलेत. मी हे अक्काला सांगितलं. ती म्हणाली, ‘बघा, तिला पगार हुता. आमच्या ठकीला वाट बी न्हाई.’

एका पहाटे अक्कानं लाइट लावला आणि दाजींच्या उशाशी उभी राहिली. ‘अवो, अर्ज लिहून घ्या. वहिवाट अडवलीय.’

‘कुणी?’

‘तुम्ही. तिची आई त्या सान्यातनं यायची, तिची आजी बी. स्लॅब तुम्ही टाकली. आता वाट काढून द्या.’

दाजी अंथरुणात उठून बसले. वहिवाटीला अडथळा म्हणजे मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६, कलम ५. हा आकडा त्या घरात दत्ताच्या आरतीइतका पाठ आहे. कलम शेताच्या वाटेसाठी आहे, मांजरासाठी नाही, हा बचाव त्यांना सुचला असणार. पण समोर अक्का होती. त्यांनी एवढंच विचारलं, ‘साधी का तातडीची?’

मोजणीच्या अर्जात पूर्वी हे प्रकार असायचे: साधी, तातडीची, अतितातडीची. त्याच्याही पुढं अतिअतितातडीची. जेवढी घाई तेवढी फी.

‘अतितातडीची,’ अक्का म्हणाली. ‘आन् फी म्हंजे तुमचा चा. वाट झाली तर चालू, न्हाईतर बंद.’

अर्ज दाखल झाला. दाजींनी तो मनाला लावून घेतला, कारण जनावराच्या हक्काचा प्रश्न त्यांना परका नाही. आपल्याच जिल्ह्यातल्या उपळ्यात बत्तीस एकर जमीन कागदोपत्री गावातल्या माकडांच्या नावावर आहे. २०२२ साली पेपरात हे छापून आलं तेव्हा साऱ्या महाराष्ट्रानं कौतुक केलं. दाजींनी विचारलं, ‘चतुःसीमा दिलीय का?’ आता ते कागद घेऊन बसले आणि संध्याकाळी मला फोन करून बार्शीहून बोलावून घेतलं. ‘पाव्हणं, माकडाला बत्तीस एकर हाय. आपल्याला सात इंच बाय सात इंच पायजे. एकोणपन्नास चौरस इंच. एका गुंठ्यात असली ३२०० भोकं बसतेत आन् वर १६ चौरस इंच शिल्लक ऱ्हातंय.’ मी गुंठ्याचे १०८९ चौरस फूट धरून हिशेब करून बघितला. बरोबर निघाला. त्यांचा हिशेब नेहमीच बरोबर निघतो. सगळी अडचण तिथनंच सुरू होते.

सात इंच कुठनं आले? ठकीच्या मोजणीतनं. ती मोजणी मी डोळ्यांनी बघितलीय.

पहिल्या दिवशी दाजींनी ठकीला ओसरीवर आडवं केलं, टेपचं एक टोक नाकाशी धरलं आणि दुसरं शेपटाकडं न्यायला लागले. ठकी टेपसकट फडताळाखाली गेली. दुसऱ्या खेपेला अक्कानं मांडीवर घेतली. लांबी निघाली एकतीस इंचाच्या आसपास, शेपूट धरून. दाजींनी ती जुन्या साखळीच्या हिशेबात लिहिली. तेहतीस फुटी साखळी, तिचे सोळा आणे. म्हणजे ठकी सव्वा आणा. पण लांबीचा दाराशी काय संबंध? हवी होती रुंदी, आणि मांजराला ठरलेली रुंदी नसते. बसलं की एक, चाललं की दुसरी, दूध दिसलं की तिसरी. खांद्याजवळचं हाड माणसासारखं जखडलेलं नसल्यानं डोकं गेलं की मागचं सगळं अंग जातं. दाजींना ही गोष्ट बेकायदेशीर वाटली. ज्या मिळकतीची हद्द रोज हलते तिची मोजणी करायची कशी?

शेवटी युक्ती अक्काचीच. वाण्याकडनं पुठ्ठ्याचं खोकं आणलं, त्याला नऊ इंचाचं चौकोनी भोक पाडलं आणि आत आठवडी बाजारातली चिमूटभर सुकट ठेवली. ठकी गेली. आठ इंचाचं पाडलं, गेली. सातातनं गेली. सहातनंही गेली, पण आधी तोंड घालून थांबली, मिशा दोन्ही कडांना लागल्या, तिनं विचार केला आणि मग गेली. दाजी म्हणाले, सहा. अक्का म्हणाली, ‘आन् पोटुशी आसल तवा?’ हा मुद्दा कुठल्याही टिपणात नव्हता. सात ठरलं.

मग सुनावणी झाली. खरं म्हणजे गल्लीतली माणसं सहज चहाला आली होती. पण दाजींनी लगतच्या कब्जेदारांना तोंडी नोटीस दिलीच होती. एक म्हणाला, नाग शिरंल. अक्का म्हणाली, त्याला यायचं असलं तर दाराखालच्या फटीतनं तो आत्ता बी येतोय. दुसरा म्हणाला, चोर हात घालून कडी काढंल. हा आक्षेप खरा होता. दाजींनी त्याच्याच हाताची खांद्यापासून बोटापर्यंत लांबी घेतली, आणि भोक कडीपासून त्याहून लांब, बिजागरीच्या अंगाला आणि खाली घ्यायचं ठरलं. तिसऱ्यानं आजोबांच्या दाराची आठवण काढून सुस्कारा टाकला. त्यावर दाजी गरजले, ‘किल्ल्याच्या दाराला दिंडी ठिवत्यात ती कशापायी? मोठं दार रोज उघडायचं नसतंय. ज्यानं त्यानं आपल्या मापाच्या दारानं यायचं.’

परंड्यात बोलणं किल्ल्यावर आलं की मलिक-ए-मैदान निघतेच. ती तोफ या किल्ल्यात होती आणि १६३२ साली विजापूरकरांनी नेली. दाजी हे प्रकरण अजून संपलेलं मानत नाहीत. ‘कब्जा त्यांचा आसंल, पन मूळ ठिकान आपलं,’ असं ते शेजारच्या शेतातली विहीर गेल्यासारखं सांगतात. तोफ मुळात ओतली नगरला, १५४९ साली, ही फेरफाराची नोंद मात्र ते वाचत नाहीत.

मी मधेच न्यूटनची गोष्ट सांगितली. एवढा मोठा शास्त्रज्ञ, पण मांजरीसाठी मोठं भोक पाडलं आणि पिल्लांसाठी शेजारी छोटं. दंतकथाच असणार. पण लोक हसतात, तसे तिथंही हसले. दाजी हसले नाहीत. ‘त्येनं आधी मोजलं नसनार,’ ते म्हणाले.

आता दाराकडं येऊ. इथं दाजींनी जे केलं ते मी चेष्टेवारी नेणार नाही.

मेस्त्री आले ते जिगसॉ मशीन घेऊनच. त्यांनी दाराच्या तळापासून चार इंच सोडून खडूनं चौकोन काढला. ‘वीस मिनिटांचं काम.’ दाजींनी दार उलटं फिरवलं. बाहेरनं हा दरवाजा एकसंध दिसतो, पण तो नुसत्या उभ्या पाट्या जोडून केलेला. त्या एकमेकींना धरून असतात त्या मागच्या आडव्या पट्ट्यांमुळं. सगळ्यात खालची पट्टी तळापासून पाच इंचांवर सुरू होऊन आठवर संपत होती. मेस्त्रींचा चौकोन थेट तिच्यावरनं जात होता. ती कापली असती तर खालून दोन्ही पाट्या सुटल्या असत्या आणि पहिल्या पावसाळ्यात दार फाकलं असतं. दाजींनी खूण वर सरकवली. नऊ इंचांपासून सोळापर्यंत, आणि आडवं मापही असं धरलं की सारं भोक दहा इंची एकाच पाटीत बसावं, जोडाला करवत लागू नये. दोन्ही बाजूंना दीड-दीड इंच लाकूड राहतं. ते रेषेनं चिरू नये म्हणून भोकाला आतबाहेर पट्ट्यांची चौकट. नऊ इंच मांजराला चढ होईल? बाहेर गल्लीचा रस्ता प्रत्येक डांबरीकरणाला वर चढत आलाय, तो आता उंबऱ्याच्याही वर आहे. बाहेरची पायरी फुकटात मिळाली. आत एक वीट ठेवायची.

मेस्त्री गप्प झाले. खडू पुसून त्यांनी दाजींनी दाखवलेल्या जागी पेन्सिलीनं रेघा ओढल्या. मशीनची वायर बोर्डात घातली. म्हणाले, ‘दाजी, चालू करू?’

‘थांब,’ दाजी म्हणाले.

आणि तिथं काम थांबलं ते थांबलं. दाजींनी त्या रेघा पुन्हा मोजल्या. मग म्हणाले, मृगात लाकूड फुगतं, आता कापलं तर उन्हाळ्यात भोक लहान होईल. पाऊस सरल्यावर म्हणाले, अजून ओल आहे. थंडीत म्हणाले, आखडलंय. मेस्त्री दोनदा येऊन चहा पिऊन गेले. म्हणजे बिनसाखरेचं गरम पाणी पिऊन गेले, कारण फी थकली होती. तिसऱ्यांदा ते वैतागून मला म्हणाले, ‘टिपण त्यांचं, करवत माझी, दार त्यांचं, मांजर त्यांचं. मधी अडतंय काय?’

अडत होतं ते असं. मोजणी खात्यात कुठलीही मोजणी शेवटची नसते. मान्य नसली तर निमताना मोजणी मागता येते. तीही पटली नाही तर सुपर निमताना. त्यापुढं कोर्टं आहेतच. खुणेचा दगड उपटून दुसरीकडं रोवता येतो. दाजींनी शेकडो हद्दी दाखवल्या, पण त्यातली एकही अशी नव्हती की उद्या मागं घेता येणार नाही. लाकडाला निमताना नाही. आत गेलेली करवत अपिलात परत येत नाही. आम्ही सगळे समजत होतो की त्यांचा जीव आजोबांच्या दारात अडकलाय. तसं काही नव्हतं. जन्मभर खूण दाखवलेल्या माणसाला पहिल्यांदाच दगड रोवायला सांगितलं होतं, आणि तोही स्वतःच्या हद्दीत. मला वाटतं, पुष्कळ हुशार माणसांचं घर असंच राहतं. सगळं मोजलेलं, काहीच कापलेलं नाही.

अक्काला हे तत्त्वज्ञान माहीत नव्हतं. तिला पहाटेचे तीन माहीत होते.

दाजी सोनारीला भैरवनाथाच्या दर्शनाला गेले त्या दिवशी तिनं मेस्त्रींना फोन केला. दाजी सोनारीला गेले की दिवस मोडतो, कारण दर्शन लवकर होतं, पण तिथल्या माकडांना शेंगदाणे घालताना ते कुणाला किती गेले हे बघत बसतात. मेस्त्रींनी चार कोपऱ्यांना ड्रिलनं भोकं पाडली, त्यातल्या एकात जिगसॉचं पातं घातलं, दोन बाजू कापल्या आणि लाइट गेली. उरलेल्या दोन बाजू हातकरवतीनं. सात इंची चौकोन खाली पडला तो अक्कानं लगेच उचलून धुतला. तो आता दुधाच्या पातेल्यावर झाकण असतो. कापलेल्या कडांना जवसाचं तेल पाजलं, कारण उघडं लाकूड तिथनंच पाणी पितं. वर झडप हवी होती. जाड रबर ठकीच्या डोक्याला जड जातं, पातळ कापड वाऱ्यानं उडतं. अक्कानं माळ्यावरचा कुणा पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा फ्लेक्स काढला, दुहेरी करून शिवला, आणि खालच्या शिवणीत सायकलचे चार नट घालून वजन दिलं. तुकडा असा आला की झडपेवर ‘हार्दिक’ एवढंच राहिलं.

संध्याकाळी दाजी आले. दार बघितलं. प्रसादाची पिशवी अक्काकडं दिली, उकिडवे बसले आणि टेप काढला. आडवं सात इंच. उभं सात इंच आणि एक सूत.

‘एका सुताचं अतिक्रमण झालंय,’ ते म्हणाले.

‘कुणाच्या हद्दीत?’ मेस्त्री.

दाजींनी बराच वेळ विचार केला. ‘कागदावर घ्यावं लागंल,’ म्हणाले, आणि चहा मागितला. साखरेचा मिळाला.

पुढचं थोडक्यात सांगतो. ठकीला झडपेची भीती वाटू नये म्हणून पहिला आठवडा झडप वर बांधून ठेवली आणि आत सुकट. मांजराला धरून ढकलायचं नसतं. एकदा ढकललं की ते त्या दाराशी जन्मभर वैर धरतं. आठवड्यानंतर झडप अर्धी सोडली, मग पूर्ण. आता ठकी ‘हार्दिक’ डोक्यानं उचलून आत येते. तिच्यामागं गल्लीतला एक काळा बोका यायला लागलाय. अक्का त्याला हाकलते, पण दाजींनी हरकत घेतली. बारा वर्षं हरकत न घेता कब्जा राहिला तर प्रकरण अवघड होतं, म्हणून आत्ताच नोंद हवी. वहीत तारीख, वेळ आणि ‘काळा बोका, विनापरवाना’ असं लिहिलेलं मी पाहिलंय. एक सुताच्या फरकासह भोकाचा नकाशा एकास एक प्रमाणात काढलाय, त्याला ‘क प्रत’ म्हटलंय, आणि ती फ्रेम करून ढेलजेत लावलीय. खिळा मात्र भिंतीत मारलाय. तोही अक्कानं.

नकाशा बघून गल्लीतल्या दोन घरांनी दाजींना बोलावलं. एकाकडं मांजर आहे, दुसऱ्याकडं कुत्रं. कुत्र्याची लांबी दीड आणा भरली असं ऐकतो.

तेव्हा परंड्यात कुणाला जुन्या लाकडी दारात जनावराची वाट काढायची असेल, तर मोजायला दाजींनाच बोलवावं. फी नाही, चहा साखरेचा लागतो. कापायला मेस्त्रींना सांगावं, आणि दिवस सोनारीच्या खेपेचा धरावा.